शिवीगाळ की नालस्ती? तक्रारीत काय लिहावं

फोंड्याच्या ताईंनी विचारलंय: आई बचतगटाची खजिनदार. गटातल्या एका बाईंनी दारात येऊन नको नको ते ऐकवलं आणि संध्याकाळी वॉट्सॲपवर सगळ्यांना लिहिलं की हिने गटाचे पैसे खाल्ले. अर्जात 'शिवीगाळ' लिहू की 'नालस्ती'?

ताई, दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत.

शिवीला पुरावा मागता येत नाही. 'सटवे' म्हणून कोणी ओरडलं तर 'कशावरून?' असं विचारत नाही कोणी. 'पैसे खाल्ले' हा मात्र आरोप आहे. खरा की खोटा ते गटाची वही उघडून पाहता येतं. असा खोटा आरोप चार लोकांत पसरवणं म्हणजे नालस्ती. निंदेत खरे दोषही येतात, म्हणून तर 'निंदकाचे घर असावे शेजारी' म्हणतात. नालस्ती करणारा शेजारी कोण मागेल? नालस्तीने होते ती बदनामी, आणि कोर्टाच्या भाषेत अब्रुनुकसानी. अब्रू हा शब्द फारसी 'आब-रू'वरून आला, म्हणजे चेहऱ्याचं पाणी. आईंना काय सोसावं लागतंय ते त्यात पुरतं आलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'शिवीगाळ'मधला 'गाळ' संस्कृत 'गालि'पासूनचा. मराठीत तो आता एकटा क्वचितच भेटतो, कोकणीत मात्र 'गाळी' रोजच्या बोलण्यात आहेत. त्या बाईही कोकणीतच बोलल्या असतील. तर ते शब्द मराठीत आणू नका, सौम्यही करू नका. नुसतं 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली' लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. लाज वाटली तरी उच्चारले तसेच, अवतरणात लिहा. बाकी अर्ज मराठीत चालतो. 1987च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीलाही जागा आहे.

कायद्यातही ही दोन कलमं वेगळी आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान कलम 352 मध्ये येतो, बदनामी 356 मध्ये. दोन्ही अदखलपात्र, त्यामुळे पोलीस परस्पर तपास सुरू करत नाहीत. बदनामीची तक्रार न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते, आणि ती सहसा आईंनी स्वतः करायची. दारातलं बोलणं फक्त आईंनीच ऐकलं असेल तर त्याला बदनामी म्हणता येणार नाही, तिथे तिसऱ्या माणसापर्यंत मजकूर पोचावा लागतो. वॉट्सॲपवर तो पोचलाच आहे.

संदेशाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ठेवा, गटाची वही आणि पासबुक जपा, आणि त्या गटावर उलट उत्तर देऊ नका. भरपाईचा दिवाणी दावा करायचा असेल तर मुदत एकच वर्षाची आहे, तेव्हा वकिलांना लवकर भेटा.