‘नाइस’ला त्याचं साल विचार

अमळनेर

प्रिय बेटा,

तुझा अनुवाद वाचला. भाषा ओघवती आहे. पण दुसऱ्या पानावर ‘अ नाइस डिस्टिंक्शन’चं तू ‘छान फरक’ केलंस, तिथे मी अडखळलो. लेखक फरकाचं कौतुक करत नाहीये; तो इतका बारीक आहे की नजरेतून निसटेल, असं सांगतोय. ‘सूक्ष्म फरक’ लिही.

‘नाइस’चं मूळ लॅटिन ‘नेस्कियस’, म्हणजे न जाणणारा. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा ‘मूर्ख’ हाच त्याचा अर्थ होता. पुढे तो चोखंदळ झाला. चोखंदळ माणूस बारकावे बघतो, म्हणून सोळाव्या शतकात काटेकोर, सूक्ष्म. आजचा ‘छान’ अठराव्या शतकातला. ‘सिली’ नेमका उलट्या वाटेने गेला: आधी धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, शेवटी मूर्ख.

हे कसं होतं, ते आपल्याकडेच बघ. दारात बसलेली आई शेजारणीला अहिराणीत म्हणते, “मना पोऱ्या भोया शे”, म्हणजे माझा पोरगा भोळा आहे. आवाजात माया असते. तोच पोऱ्या केळीचा भाव न विचारता गाडी भरू देतो, तेव्हा तिथला माणूस हळूच म्हणतो, “भोया शे.” शब्द तोच, पण माया गेली. असं पिढ्यान्‌पिढ्या घडत राहिलं की अर्थ सरकतो. संस्कृतात ‘मुग्ध’ आणि ‘मूढ’ एकाच ‘मुह्’ धातूचे, दोन्हींत गोंधळलेपण. मराठीत एक कौतुकाचा झाला, दुसरा शिवीच्या जवळ गेला. मला ही जोडी फार आवडते.

म्हणून जुना मजकूर हाती आला की आधी त्याचं साल बघ. मग ऑक्सफर्डचा मोठा कोश उघड. त्याचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि काम 1928 मध्ये पुरं झालं. त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार उदाहरणं आहेत. तुझ्या मजकुराच्या आसपासच्या सालातली तेवढी वाच. खिशातला कोश या कामाला पुरत नाही.

आणि पाचव्या पानावर चर्चमधली शांतता ‘ऑफुल’ आहे, तिला तू ‘भयंकर’ म्हटलंयस. आत शिरल्यावर त्या माणसाने टोपी काढली, आवाज खाली आणला. ते वाक्य पुन्हा वाच, आणि रविवारी येशील तेव्हा नवा शब्द घेऊन ये.

तुझा,
सर