पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी कॅनन, निकॉन की सोनी?

गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यात राहून बोड्या (शेतातली लहान तळी), तलाव आणि धानाच्या बांध्यांमधले पक्षी टिपायचे असतील, तर कॅनन, निकॉन आणि सोनी यांपैकी कोणती सिस्टीम घ्यावी, आणि 600 मिलिमीटरची लेन्स पुरेल की 800 ची लागेल, असे आपण विचारले आहे. मी शेजारच्या भंडारा जिल्ह्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळीवर बरीच वर्षे हाच उद्योग करतो. माझ्या मते, आपण पक्ष्यापर्यंत कसे पोहोचता यावरून आधी लेन्स ठरवावी. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, त्यानंतर आपोआप ठरते.

निकॉनची झेड 180-600 आणि सोनीची 200-600 या दोन्हींचे झूम आतल्या आत होते, म्हणजे लेन्सची नळी बाहेर सरकत नाही. कॅननच्या आरएफ 200-800 ची सरकते. वजन तिन्हींचे दोन किलोच्या आसपासच आहे. मोटारसायकलने कच्च्या रस्त्यावरून जाणाऱ्याला नळीचा हा फरक महाग पडू शकतो. माझी पहिली लेन्स नळी बाहेर येणारी होती. दोन उन्हाळ्यांनंतर तिच्या पुढच्या काचेमागे तांबूस धूळ दिसू लागली, आणि ती साफ करून घेण्यासाठी नागपूरला दोन खेपा झाल्या.

800 चा मोह मात्र जपून करावा. त्या टोकाला कॅननची लेन्स एफ 9 वर येते (हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी), तर बाकीच्या दोन 600 ला एफ 6.3 देतात, पहाटेच्या अंधुक उजेडात हा एक स्टॉप, म्हणजे निम्मा झालेला उजेड, भरून काढायला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) दुप्पट करावा लागतो. शिवाय आपल्याकडचे ऊन आहेच. एका एप्रिलमध्ये सकाळी दहाच्या सुमारास धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसून मी ऐंशी मीटरवरच्या सारस जोडीची साठेक छायाचित्रे काढली. घरी मोठी करून पाहिली, तर मानेवर जिथे लाल रंग संपून करडा सुरू होतो ती रेघ सगळ्यांत विरघळल्यासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी साडेसहाला, त्याच लेन्सने, तेवढ्याच अंतरावरून तीच रेघ चाकूने कापल्यासारखी आली. तापलेल्या जमिनीवरच्या झळांतून पाहताना लेन्स कितीही लांब असली तरी उपयोग नसतो, कारण ती पक्ष्याबरोबर झळाही मोठ्या करते.

लहान पक्ष्यांसाठी लांबीपेक्षा सेन्सरकडे पाहावे. 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) चित्राचा एपीएस-सी या लहान सेन्सरएवढा मधला भाग कापला, तर जेमतेम साडेदहा मेगापिक्सेल उरतात. कॅननच्या आर7 चा सेन्सर एपीएस-सी आकाराचाच आहे, पण त्यावर 32.5 मेगापिक्सेल आहेत. पायी फिरणाऱ्याला ही बॉडी आणि सुमारे 1.4 किलोची आरएफ 100-500 ही जोडी मी आनंदाने सुचवीन. फक्त उडणाऱ्या वेड्या राघूसाठी तिचे मेकॅनिकल शटर वापरावे, कारण इलेक्ट्रॉनिक शटरवर फडफडणारे पंख वाकडे उमटतात.

सोनीची जमेची बाजू म्हणजे सिग्मा आणि टॅमरॉनच्या लांब लेन्स तिच्यासाठी सहज मिळतात, मात्र त्यांच्यावर सेकंदाला पंधराहून अधिक छायाचित्रे निघत नाहीत. पक्ष्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस आता तिन्ही कंपन्यांच्या नव्या बॉडींत आहे, आणि पाणवनस्पतींच्या आडोशाला कमळपक्षी शिरला की तिघांचाही फोकस अधूनमधून पुढच्या गवतालाच चिकटतो. त्यावरून निवड करू नये.

आपण मोटारसायकलने जाऊन पाळीवर बसणार असाल, तर मी निकॉनची 180-600 सुचवीन. मी स्वतः तीच वापरतो, तेव्हा माझे मत थोडे झुकलेले आहे हे गृहीत धरावे. आपल्या पंचक्रोशीत कोणी सोनीवाला मित्र असेल, तर सोनीच घ्यावी, म्हणजे अडीनडीला लेन्स आणि बॅटरी उसनी मिळते. पैसे देण्यापूर्वी दुकानदाराची परवानगी घेऊन लेन्स लावलेला कॅमेरा पाच मिनिटे डोळ्याला लावून उभे राहावे, आणि डावा हात कधी थरथरू लागतो ते घड्याळात पाहावे.