जागा हुकली, हा देवाचा नकार समजायचा का?

प्रश्न : वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदाही जागा मिळाली नाही. आई म्हणते, देवाच्या मनात नाही. बाबा म्हणतात, तिसऱ्यांदा बस. देवासमोर चिठ्ठ्या टाकल्या, तर एकदा 'हो' आलं, एकदा 'नाही'. देव मला काय सुचवतोय, हे ओळखायचं कसं? – एक विद्यार्थिनी

उत्तर : दोन वर्षं सगळं आयुष्य ज्या एका जागेभोवती फिरलं, ती हुकल्यावर मन मोडणारच, आणि अशा मनाला प्रत्येक गोष्टीत संकेत दिसायला लागतात. म्हणून आज काहीच ठरवू नकोस. देवाची इच्छा कशी ओळखावी याचे नियम इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश ख्रिस्ती संतांनी सोळाव्या शतकात लिहून ठेवले. त्यातला एक असा, की मन खिन्न आणि कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. प्रार्थना थोडी वाढवायची आणि मन निवळेपर्यंत धीर धरायचा. तेव्हा दोन-तीन आठवडे थांब. मात्र अर्जांच्या मुदती थांबत नाहीत. त्या वहीत लिहून काढ आणि नंतर मागे घेता येतील असे अर्ज भरून ठेव.

चिठ्ठ्या पुन्हा टाकू नकोस. मनासारखी निघेपर्यंत माणूस त्या टाकत राहतो, आणि मग त्या उत्तराला काही वजन उरत नाही.

आता आईच्या म्हणण्याबद्दल. गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या १४व्या श्लोकात कर्म घडण्याची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवं येतं. त्याच्यावर बोट ठेवण्याआधी पहिली चार बघायची, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तो तुझ्या परीक्षेला लावून पाहा.

अधिष्ठान म्हणजे शरीर : परीक्षेआधीच्या महिन्यात झोप किती होती, आजारपण आलं का? कर्ता तू : डॉक्टर व्हायचं हे तुझं मागणं आहे की घराचं? करण म्हणजे साधनं : पुस्तकं, शिकवणी, सराव परीक्षा. खरा वेळ द्यायचा तो चेष्टेला, म्हणजे प्रयत्नांना. उत्तरपत्रिका आणि उत्तरतालिका समोर घे आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे तीनपैकी एक खूण कर : येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. हे विषयवार कर. मग शेवटच्या सहा सराव परीक्षांच्या गुणांची सरासरी काढून ती प्रत्यक्ष गुणांशेजारी मांड. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, तर त्याच पद्धतीचं तिसरं वर्ष साधारण तेच गुण देईल. सराव बराच वर आणि परीक्षा बरीच खाली असेल, तर अडचण अभ्यासात नाही, परीक्षेच्या त्या काही तासांत आहे. ती पूर्ण वेळाचे पेपर ठरल्या वेळी, घड्याळ लावून सोडवल्यानेच सुटते. 'येतच नव्हतं'चा ढीग मोठा निघाला, तर वाचन भरपूर आणि गणितं-प्रश्न सोडवणं कमी, असं बहुतेक वेळा झालेलं असतं.

यातून दुरुस्त करता येण्यासारखं काय आहे ते एका वाक्यात लिहिता आलं, तर तिसरा प्रयत्न जरूर कर. 'अजून जास्त अभ्यास करीन' हे ते वाक्य नव्हे.

दार बंद झालं म्हणजे मार्गच चुकीचा, असंही धरू नकोस. जागा मोजक्या आणि उमेदवार कितीतरी जास्त असले की अनेक योग्य मुलंही बाहेर राहतात. इग्नेशियस यांचंच पाहा. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि सैनिकी आयुष्य संपलं. १५२३ मध्ये जेरुसलेमला कायमचं राहायच्या इच्छेने गेले, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी राहू दिलं नाही. परतल्यावर तिशी उलटलेली असताना ते लहान मुलांबरोबर लॅटिन शिकायला बसले. जागा गेली तरी लोकांची सेवा करायचा हेतू गेला नव्हता.

तुझाही हेतू जागेपासून वेगळा काढून बघ. रुग्णाशी बोलणं आवडतं, शरीर कसं चालतं याचं कुतूहल आहे, की मान हवा आहे? पहिली दोन उत्तरं असतील तर फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वाचा-श्रवण उपचारतज्ज्ञ अशा तिघा-चौघांबरोबर परवानगी घेऊन एकेक दिवस काढ. त्यांना कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग विचार. तो भाग रोज करायची तयारी वाटते का, यावरून बरंच कळतं.

प्रार्थनेत 'ही जागा दे' म्हणण्याऐवजी ही जागा किंवा दुसरा मार्ग, यांपैकी काहीही मिळालं तरी स्वीकारायचं बळ माग. इग्नेशियस यांची आणखी एक रीत वापर : अगदी अनोळखी मुलगी हाच प्रश्न घेऊन आली, तर तिला तू काय सांगशील, ते लिही. मग निर्णय घे, तो देवापुढे ठेव आणि आठवडाभर तसाच राहू दे. मन शांत राहतं का ते पाहा. भीती थोडी राहील, तिला नकार समजू नकोस.

बाबांसमोर बसताना खुणा केलेली उत्तरपत्रिका आणि सरासरीचा कागद घेऊन बस. तिसरा प्रयत्न ठरलाच, तर दोन गोष्टी आधीच लिहून घ्या : दुसऱ्या अभ्यासक्रमाचा अर्ज सोबत भरायचा, आणि तीन महिन्यांनी सराव परीक्षांची सरासरी वर गेली नसेल तर पुढे काय करायचं.