देवानं जोडलं, मग तोडलं कुणी?

खानापूर तालुक्यातून एका बाईंचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणून बजावलंय:

"ताई, माझं वय 38. लग्न गावच्याच चर्चमध्ये झालं, आम्ही मेथडिस्ट, प्रोटेस्टंटांतले. नवरा गोव्याला कामाला गेला, पहिली दोन वर्षं पैसे पाठवले, मग नंबरच बदलला. त्याला सहा वर्षं झाली, तिकडं दुसरी बाई आहे, मूल पण आहे म्हणतात. मी शिवणकाम करून दोन पोरी सांभाळते. निपाणीचे एक जण आहेत, बायको वारलेली, तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतात, त्यांनी विचारलंय. सासूबाईंच्या घरी भिंतीवर फ्रेम आहे, आमच्याच लग्नात आहेर आलेली, 'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये'. विषय काढला की त्या तिकडं नुसतं बोट दाखवतात. पास्टर म्हणतात दुसरं लग्न म्हणजे व्यभिचार. आत्या म्हणते कॅथलिकांत लग्न रद्द करून मिळतंय, तिकडं जा. मी काय करू सांगा की."

आधी त्या फ्रेमचं बघू. ते वाक्य बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानातलं, 19 व्या अध्यायातलं, पण फ्रेममध्ये नुसतं उत्तर आलंय, प्रश्न राहिलाय बाहेर. परूश्यांनी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांनी, येशूला विचारलेलं, कुठल्याही कारणावरून बायको टाकली तर चालतं का? त्या वेळी यहुदी गुरूंची दोन घराणी होती, शम्मायवाले म्हणायचे बाई बदफैली निघाली तरच, आणि हिल्लेलवाले म्हणायचे जेवण करपवलं तरी पुरे. सूटपत्र द्यायचं ते नवऱ्यानंच, बायकोला तो हक्क नाही, म्हणजे सकाळी आमटी लागली की संध्याकाळी बाई रस्त्यावर. येशूनं जे सांगितलं ते ह्या टाकणाऱ्यांच्या तोंडावर सांगितलं, मोशेनं परवानगी दिली ती तुमच्या कठोर मनामुळं, मुळात असं नव्हतं. आणि सासूबाई बोट दाखवतात टाकलेलीला! मला विचाराल तर ती फ्रेम उतरवून गोव्याच्या बसमध्ये ठेवावी.

पण पास्टर काही मनचं बोलत नाहीत हं, ते पण लक्षात घ्या. मार्क आणि लूक ह्या दुसऱ्या दोन शुभवर्तमानांत, मार्क 10 आणि लूक 16 मध्ये, कसलीच सूट नाही, सोडून दुसरं लग्न केलं तर व्यभिचार, विषय संपला. मत्तयमध्ये मात्र दोन ठिकाणी, 5 व्या आणि 19 व्या अध्यायात, व्यभिचाराचं कारण सोडून असे शब्द आहेत, मूळ ग्रीक शब्द पोर्निया, त्याचा नेमका अर्थ काय ह्यावर अजून वाद चाललेत. आणि प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 1 करिंथ 7 मध्ये, लिहितो की विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर मागं राहिलेला बांधलेला नाही. आता तुमच्या नवऱ्याचा बाप्तिस्मा झालेला असणार, मग तो विश्वास न ठेवणारा कसा असं पास्टर विचारतील. त्यांना 1 तीमथ्य 5:8 उघडायला सांगा, जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट असं तिथं स्पष्ट आहे. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात व्यभिचारासोबत मुद्दाम टाकून जाणं हे पण कारण धरलंय, ते प्रेस्बिटेरियन ह्या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं आहे, मेथडिस्टांचं नाही, पण बायबल वाचूनच लिहिलंय ना. तुमच्या चर्चचं डिसिप्लिनचं पुस्तक, म्हणजे नियमांचं पुस्तक, काय म्हणतं ते पास्टरांकडून लिहून घ्या, तोंडी नको. माझं मत विचाराल तर तुम्ही मोकळ्या आहात.

आत्यांचं अर्धंच खरं. कॅथलिक चर्च लग्न मोडत नाही, लग्नाच्या दिवशीच काही खोट होती, म्हणजे जबरदस्ती, मोठी फसवणूक, संमती द्यायची मानसिक क्षमताच नव्हती, असं सिद्ध झालं तर ते मुळात झालंच नव्हतं असं जाहीर करतं. नवरा नंतर बिघडला एवढं तिथं पुरत नाही. त्यासाठी पंथ बदलू नका.

आणि हे सगळं व्हायच्या आधी कोर्ट. तुमच्या हातात अजून डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम, नाही, आज लग्न केलंत तर तो गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम 82, सात वर्षांपर्यंत शिक्षा. 1869 च्या घटस्फोट कायद्यात पूर्वी नवऱ्याला नुसता व्यभिचार दाखवला की झालं, बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता नाहीतर टाकून जाणं पण सिद्ध करायला लागायचं, 2001 ला ते बदललं, आता दोघांना कारणं सारखी आणि सलग दोन वर्षं टाकून दिलं असेल तर तेवढंच पुरतं. लग्न इथलंच, त्यामुळं केस बेळगावात चालते, गोव्याला खेपा नकोत. विधी सेवा प्राधिकरणाकडं बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. पोरींच्या पोटगीचं पण तिथंच विचारा. कागद कन्नडात आला तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि निपाणीच्या पाहुण्यांना सांगा, डिक्रीनंतर अपिलाची मुदत जाईपर्यंत थांबा.

बेळगाव कॅम्पातल्या एका कॅथलिक भावांचं पत्र: कोर्टातून घटस्फोट झालाय, दुसरं लग्न केलेलं नाही, तरी लोक म्हणतात म्हणून चार वर्षं मिस्सेत (चर्चच्या उपासनेत) मिळणारा ख्रिस्तप्रसाद घेतला नाही, नुसता मागं उभा राहतो. चर्चमधून रद्द करून घ्यावं तर मुलगा अनौरस ठरेल अशी भीती.

अहो, कुणी सांगितलं तुम्हाला? नुसत्या घटस्फोटानं ख्रिस्तप्रसाद बंद होत नाही, अडचण येते ती पहिलं लग्न चर्चच्या हिशेबी टिकून असताना दुसरं केलं तर. फादरना भेटा आणि येत्या रविवारी रांगेत उभं राहा, चार वर्षं फुकट गेली. मुलाची भीती पण खोटी, लग्न अवैध जाहीर झालं तरी मुलं औरसच असं चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन 1137, सांगतं. पूर्वी ट्रिब्युनल म्हणजे चर्चची कोर्टं, अशा दोन कोर्टांचा सारखा निकाल असावा लागायचा, पोप फ्रान्सिसनी 2015 मध्ये ती अट काढली, त्यामुळं वेळ कमी लागतो. फक्त चर्चचा कागद आणि कोर्टाचा कागद वेगळे, ट्रिब्युनलनं रद्द केलं म्हणून कायद्यानं लग्न संपत नाही असं सुप्रीम कोर्टानं 1996 ला सांगितलंय. तुमच्याकडं कोर्टाचा आहे, चर्चचा नाही. पुन्हा लग्न करायचं मनात असेल तरच त्याच्या मागं लागा.

चिकोडीहून एक जण विचारतात, डिक्री आहे पण पास्टर लग्न लावत नाहीत, रजिस्टर करून गुपचूप उरकता येईल का?

रजिस्टर होतं, 1954 चा स्पेशल मॅरेज ॲक्ट आहेच. गुपचूप मात्र नाही, नोटीस तीस दिवस ऑफिसच्या बोर्डावर लागते आणि तिथं कोण कोण वाचत उभं असतं ते तुम्हाला पण माहीत आहे, त्यापेक्षा घरी आधी सांगून टाका.