टॅटिंगमध्ये दुसरी रिंग पहिलीच्या पिकोला जोडली की ती बंदच होत नाही. जोड नेमका कसा द्यायचा?

तुमची पहिली रिंग छान मिटते, दुसरी जोडल्यावर मात्र शटलचा दोरा कितीही ओढला तरी जागचा हलत नाही, आणि व्हिडिओंत जोडाचे इतके प्रकार दाखवतात की कुठला शिकावा कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: टॅटिंग म्हणजे शटल नावाच्या छोट्या साधनावर गुंडाळलेल्या दोऱ्याने गाठी घालत केलेली लेस, दुहेरी गाठ म्हणजे दोन अर्ध्या भागांची तिची मूळ गाठ, रिंग म्हणजे दोरा ओढून मिटवलेलं गाठींचं कडं, आणि पिको म्हणजे दोन गाठींमध्ये सोडलेली दोऱ्याची छोटी कमान. मी सांगलीत, विश्रामबागला राहते. दुपारच्या वेळी आजूबाजूच्या मुली-बायका शिकायला येतात. दुहेरी गाठ जमली की त्यांतल्या बहुतेकींची गाडी इथेच अडते.

सगळे प्रकार तूर्त बाजूला ठेवा. कुठलाही जोड देताना एकच विचारायचं: हा जोड दिल्यावर शटलचा दोरा आतून सरकायला हवा, की तिथेच पक्का व्हायला हवा? रिंगमध्ये तो सरकायलाच हवा, कारण शेवटी तोच ओढून रिंग मिटते. तुमच्या जोडात तो अडकलाय.

रिंगचा साधा जोड असा. हातावर रिंगचा वेढा आहे, जोडाच्या जागेपर्यंत गाठी झाल्यात. आधीच्या रिंगचा पिको हातावरच्या दोऱ्यावर टेकवा. पिकोतून बारीक क्रोशाची सुई किंवा शटलची चोच घालून हातावरचाच दोरा वर खेचा आणि शटल जाईल एवढा फासा काढा. त्यातून शटल काढून घ्या. आता उजव्या हाताने शटलचा दोरा ताठ धरून ठेवायचा आणि डाव्या हाताचं मधलं बोट उचलून फासा आवळायचा. गोम सगळी इथे आहे. शटलचा दोरा सैल असताना डाव्या हाताने हिसका दिला, की शटलचा दोराच वाकून पिकोत शिरतो आणि कुलूप लागतं. दुहेरी गाठ घालताना ती पलटावी लागते ना, तेच इथेही.

दुसरं कारण म्हणजे चुकून शटलचाच दोरा पिकोतून वर काढणं. दोन्ही दोरे एकाच रंगाचे असले की हे हमखास होतं. म्हणून शिकताना फिक्या दोऱ्याचा सुरुवातीचा हातभर भाग गडद पेनने रंगवून घ्या, किंवा सरळ दोन रंगांवर चेनचा (रिंगसारखी न मिटणारी गाठींची ओळ) सराव करा, म्हणजे कुठला दोरा कुठे जातोय ते डोळ्यांना दिसतं.

जोड दिल्यावर लगेच, पुढची गाठ घालायच्या आधी, शटलचा दोरा मागेपुढे सरकवून बघा. सरकला तर पुढे जा. अडला तर टाचणीने फासा सैल करा, शटल उलट काढा आणि पुन्हा द्या. पाच-सहा गाठी पुढे गेल्यावर हेच उसवायला बसणं म्हणजे डोळ्यांचं वाटोळं.

मोजणीचाही गोंधळ होतो. काही नमुन्यांत जोड म्हणजे पुढच्या दुहेरी गाठीचा पहिला अर्धा भाग धरतात आणि त्यावर फक्त दुसरा अर्धा घालतात. काहींत जोड मोजतच नाहीत, त्यानंतर पूर्ण गाठ येते. फरक अर्ध्या गाठीचा. कुठलंही धरा, पण एका कामात एकच.

शटलचा दोरा पिकोतून काढून पक्का करायचा जोड ही काही चूक नाही, त्याची जागा वेगळी आहे. चेन घालत घालत आधीच्या फेरीच्या पिकोला अडकवायची असेल तर तोच लागतो. फक्त तो देण्याआधी चेनला हवा तेवढा बाक देऊन गाठी नीट सरकवून घ्या. नंतर तिथे काही बदलता येत नाही. हे दोन जोड आले की निम्म्याहून जास्त नमुने निघतात. दोन रंगांत काम करताना जोडाजवळ दुसऱ्या रंगाचा ठिपका दिसतो. तो मागच्या बाजूला ढकलणारा, दोरा खालच्या बाजूला ओढून घेण्याचा जोड आहे, पण तो सवडीने.

पिको फार छोटा असेल तरी जोड रडवतो. दोन गाठींमध्ये सोडलेल्या जागेच्या निम्म्या उंचीचा पिको उभा राहतो, म्हणजे ६ मिमी सोडले तर साधारण ३ मिमी. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची, सोडायच्या जागेएवढ्या रुंदीची पट्टी कापून मध्ये धरली की सगळे पिको सारखे येतात. दोरा २० नंबरचा घ्या, ८० नंबरचा इतक्यात नको. क्रोशाचा दोरा आमच्याकडे मारुती रोडला सहज मिळतो, शटल मी ऑनलाइन मागवते. सुई ०.६ मिमीची असली की पिकोत आरामात जाते. आणि कृपा करून फोडणी देऊन उठल्या उठल्या पांढरा दोरा हातात घेऊ नका, हळद एकदा लागली की लागली.

गोल रुमालात शेवटची रिंग पहिलीला जोडताना पिकोला पीळ पडतो. शेवटची रिंग जोडाच्या जागेपर्यंत करा, मग उजवीकडची पहिली रिंग पुस्तकाचं पान मिटावं तशी चालू रिंगवर घडी घालून आणा. तिची पाठ तुमच्याकडे येईल. पिकोला अर्धा पीळ देऊन त्यातून हातावरचा दोरा काढा, नेहमीचा जोड द्या आणि घडी उलगडा. पहिल्या खेपेला हात गुंततात. सरळ पट्टीत ही भानगडच नसते, म्हणून आधी ब्लाउजच्या बाहीला लावायची वीतभर पट्टी करा. रुखवतातला गोल रुमाल त्यानंतर.