अर्ध्या टक्क्याचे रस्ते

सनीव्हेलच्या वाचक विचारतात: पेट्रोलवर कर भरतोच, मग रस्त्यांसाठी वेगळा विक्रीकर कशाला?

पेट्रोलवरचा कर तेव्हा गॅलनमागे ठरावीक सेंट होता. महागाई वाढली, गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या आणि त्या पैशात रस्ता कमी होऊ लागला. १९७८च्या प्रॉपोझिशन १३ने, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने, मालमत्ता कराचेही हात बांधले. म्हणून इथल्या सांता क्लारा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) मतदारांनी १९८४ मध्ये दहा वर्षांसाठी अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला. १०० डॉलरच्या खरेदीवर ५० सेंट. तुम्ही रोज वापरता त्या हायवे ८५चा मोठा भाग त्याच पैशांतून झाला, शिवाय १०१ रुंद झाला आणि २३७ सुधारला.

सॅन होजेहून प्रश्न: बहुमत मिळूनही असा कर रद्द होतो, तो कसा?

इथे १९९२ मध्ये तेच झाले. सुमारे ५४ टक्के मते मिळाली, पण ठरावीक कामासाठीच्या कराला दोन तृतीयांश मते लागतात, म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो रद्द ठरवला. पुढच्याच वर्षी काउंटीने वाट काढली. कर 'सर्वसाधारण' म्हणून मांडला, त्याला साधे बहुमत पुरले. कामांची यादी वेगळ्या, केवळ सल्लावजा प्रस्तावात ठेवली. कामे झाली हे खरे. तरीही मला ही वाट पटत नाही, कारण अशी यादी कायद्याने बांधील नसते. २०१६चा मेझर बी, म्हणजे काउंटीचा पुढचा अर्ध्या टक्क्याचा करप्रस्ताव, मला अधिक सरळ वाटतो. ३० वर्षे, अंदाजे ६३० कोटी डॉलर, त्यात हायवे इंटरचेंजना (हायवेवर चढण्या-उतरण्याच्या जोडांना) ७५ कोटी आणि ८५च्या पट्ट्याला ३५ कोटी. सगळे मतदानाआधी लिहिलेले, आणि मते ७० टक्क्यांहून जास्त.

पुण्याहून: आपल्या महापालिकेला हे जमेल?

आज नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकातही गेली. विक्रीवर स्वतःचा कर लावायची मुभा महापालिकांना उरलेली नाही.

फ्रीमाँटहून: हा भार गरिबांवर जास्त पडत नाही का?

पडतो. किराणा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे वगळली आहेत, पण मुलांचे बूट, वह्या, जुनी गाडी यांवर कर लागतोच. तुटपुंज्या पगाराचा मोठा हिस्सा अशाच खरेदीत जातो. बसने कामावर जाणारी बाईही ८५च्या इंटरचेंजचे पैसे भरते. म्हणून पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा फ्रीवेच्या आकड्यासोबत बसचा आकडाही बघा. तो नगण्य असेल, तर मी विरोधात मत देईन.