आईची भूमिका घे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सत्ताविसाव्या वर्षी मालिकेत नायकाच्या आईची भूमिका आलीय, घेऊ की नको, एकदा आई केली की कायमचा शिक्का बसेल का, असं विचारतेस. घे. दिग्दर्शक तुझं नाटक बघून तुझ्याकडे आलाय, आणि कथेत त्या बाईला स्वतःचं म्हणणं आहे. एवढं असताना नाही म्हणायचं कारण मला दिसत नाही.

वयाचं म्हणशील तर 'सारांश' पुन्हा बघ. १९८४ सालचा. त्यातले निवृत्त शिक्षक प्रधान साकारणारे अनुपम खेर तेव्हा तिशीच्या आतले होते आणि त्यांच्या पत्नी झालेल्या रोहिणीताई हट्टंगडी जेमतेम तेहेतीस वर्षांच्या. पुढे १९९०च्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. बच्चन त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे! केस पिकवणं रंगभूषाकाराच्या हातात. पन्नाशी कशी वावरते ते मात्र तुला शोधावं लागेल. वय दाखवायच्या नादात कंबरेत वाकून चालणाऱ्या आया मी फार पाहिल्यात. पन्नाशीची बाई वाकत नाही. ती फेऱ्या वाचवते. आतल्या खोलीत जाताना इथलं काय न्यायचंय ते आधी हातात घेते. खाली बसायच्या आधी तिची नजर टेकायला काही आहे का ते बघून घेते. आसपासच्या बायका बघ, खूप सापडेल.

शिक्क्याची भीती मला कळते, पण पटत नाही. जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस केला, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. वर्दीतला माणूस आत येताक्षणी खरा वाटावा लागतो, त्याशिवाय कुणी पुन्हा बोलावत नाही. आणि निळूभाऊ फुल्यांकडे बघ. 'सामना'तला साखरसम्राट हिंदुराव १९७५चा. तो दरारा लोकांच्या मनात इतका बसला होता की दुसरा कुणी तेवढंच करत राहिला असता. चारच वर्षांनी 'सिंहासन'मध्ये ते दिगू टिपणीस झाले. तो पत्रकार सत्तेच्या दालनांतून हिंडतो, बघतो, ऐकतो. बोलणारे बहुतेक वेळा दुसरेच असतात. शेवटी त्याचा जो तोल जातो तो आपल्याला पटतो, कारण तोवर ऐकलेलं सगळं त्याच्या चेहऱ्यावर साठलेलं आपण पाहिलेलं असतं.

मला तुला हेच सांगायचंय. चरित्र अभिनेत्रीच्या वाट्याला वाक्यं कमी येतात. बाकीचा वेळ तिनं ऐकायचं असतं, आणि ते ऐकणं पडद्यावर दिसतं. नायिकेचं रडणं खरं वाटतं ते बऱ्याचदा समोरची बाई ते ऐकत असते म्हणून.

यात भावनेइतकीच तांत्रिक शिस्त लागते. समज, सून तिचं लग्न मोडत असल्याचं सांगतेय आणि तू चहाचा कप उचललास. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग दुरून सलग टिपतात त्यात, तिच्या कुठल्या शब्दाला उचललास, कुठल्या हातानं, घोट घेतलास की नुसता ओठांना लावलास, हे सगळं ओव्हर शोल्डरला (तिच्या खांद्यावरून तुझ्यावर घेतलेला शॉट) आणि पुढे क्लोजला (नुसता चेहरा) जसंच्या तसं यायला हवं. नाही आलं तर संकलक तुझा चांगला क्लोज हळहळत बाजूला ठेवतो आणि नुसत्या मास्टरवर भागवतो. म्हणून हालचाल नेहमी समोरच्याच्या शब्दाशी बांध. 'वेगळी' या शब्दाला कप खाली, असं. शब्द नीट ऐकलास तर हात आपोआप तिथेच जातो. मोजून करणाऱ्या मुलींचं ध्यान कपावर असतं, ते डोळ्यांत दिसतं.

दुसरी गोष्ट क्यू देण्याची, म्हणजे कॅमेरा समोरच्यावर असताना आपली वाक्यं त्याला ऐकवण्याची. तुझा क्लोज झाला, आता नायिकेचा लागलाय. कुणीतरी सांगेल, ताई, तुमचं झालं, बसा आत. जाऊ नकोस. कॅमेऱ्याच्या शेजारी, तिच्या नजरेच्या रेषेत उभी राहा आणि तुझी वाक्यं तितकाच जीव ओतून बोल. सहायक दिग्दर्शक हातात कागद धरून सपाट सुरात क्यू वाचतो, तेव्हा समोरच्या नटाचे डोळे विझतात. मी हे जवळून पाहिलंय. पोरं बिचारी गळ्यातून रडायला लागतात. तुला त्या शॉटचं श्रेय मिळणार नाही. पण सीन तुमचा दोघींचा आहे.

आता पैशाचं. मालिकेचं मानधन दिवसावर ठरतं, हातात येतं बहुधा ९० दिवसांनी, तेही १० टक्के टीडीएस कापून. कोऑर्डिनेटरमार्फत, म्हणजे कामं मिळवून देणाऱ्या मध्यस्थाकडून, काम आलं असेल तर त्याचं कमिशन वेगळं. म्हणजे पहिले तीन महिने तू रोज शूटिंगला जाशील आणि खात्यात काही नसेल. तेवढी सोय आधी कर. महिन्याला किमान किती दिवस काम देणार ते करारात लिहून घे, तोंडी आश्वासनावर राहू नकोस. ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, बदलला की आईला गावी पाठवतात आणि दोन-दोन महिने बोलावणं येत नाही. त्या काळात दुसरीकडे काम करायची मुभा आहे का, तेही वाच.

आणि हातात दुसरं एखादं काम असू दे. तुझा आवाज चांगला आहे, डबिंग कर. ए. के. हंगल चित्रपटांत आले तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते, त्याआधी शिवणकाम करून पोट भरत आणि नाटक करत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते, पूर्णवेळ नट झाले ते चाळिशी ओलांडल्यावर. घरभाड्याची चिंता डोक्यात असली की समोरच्याचं ऐकू येत नाही. नट आपल्याच वाक्याची वाट बघत बसतो, कॅमेऱ्यात चेहरा येतोय ना ते बघतो. ते टाळायचं तर घराचा खर्च एकाच मालिकेवर टाकू नकोस.

लूक टेस्टला, म्हणजे भूमिकेचा वेश-रंगभूषा पारखायला, जाशील तेव्हा साडी तासभर आधी नेसून त्यात कामं कर, भांडी घास, जिना चढ-उतर कर. पदर सारखा सावरणारी आई दिसायला नको. फोटो झाले की मला पाठव. विग लावणार असतील तर कपाळाच्या कडेचा एक अगदी जवळून काढलेला हवा, तिथली जाळी क्लोजमध्ये दिसते आणि ती सुधारायला पहिल्या शूटिंगच्या आधीच सांगावं लागतं.

तुझी,
ताई